विषय: इराक, शस्त्रतपासणी आणि धर्मगुरूंची शिष्टाई

१० मार्च २००३

मंडळी,
अमेरिका इराकवर हल्ल्याच्या तयारीत आहे म्हणून रविवारच्या शांतता-प्रार्थनेचं पत्रक आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल-यादीवर कशासाठी? पाडवा जवळ आलाय, त्याचं बोला. सद्दाम बारा वर्षं जगाला झुलवतोय. शिष्टाई श्रीकृष्णानेही केली होती. युद्ध टळलं का?
— एक जुना सभासद

काका, नमस्कार.
पत्रक मीच टाकलं. श्रीकृष्णाची शिष्टाई फसली ती दुर्योधनाने सुईच्या टोकावर मावेल एवढी जमीनही नाकारली तेव्हा. बगदादहून आज तसा नकार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १४४१ नंतर २७ नोव्हेंबरला इराकमधली शस्त्रतपासणी पुन्हा सुरू झाली. १ मार्चपासून इराकची अल-समूद क्षेपणास्त्रं मोडली जाताहेत. शुक्रवारी सुरक्षा परिषदेत शस्त्रतपासणीचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले, उरलेल्या कामाला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने लागतील. त्याच बैठकीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल-बरादेई यांनी, इराक नायजरकडून युरेनियम घेऊ पाहत होता असं दाखवणारी कागदपत्रं खरी नसल्याचं सांगितलं. मग एवढी घाई कसली?

चर्चचे लोक नुसते हात जोडून बसलेले नाहीत. इथल्या, अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी सप्टेंबरमध्येच अध्यक्ष बुशना लिहिलं, की हल्ला तोंडावर आल्याचा स्पष्ट पुरावा नसताना आपण आधी वार करणं त्यांच्या न्याय्य युद्धाच्या कसोटीत बसत नाही. पोपनी फेब्रुवारीत कार्डिनल एचेगराय यांना बगदादला धाडलं, कारण सद्दामनेही सहकार्य करायला हवं. गेल्या बुधवारी पोपचे दूत कार्डिनल लागी बुशना भेटून आले. बुश स्वतः मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे, आणि मेथॉडिस्ट बिशपही या युद्धाला विरोध करताहेत. सदर्न बॅप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे काही नेते युद्धाच्या बाजूने आहेत, हेही खरं. पण निर्बंधांनी बारा वर्षं पिचलेल्या माणसांवर बॉम्ब पडणार असतील, तर आधी काही महिने मागणं हे मला राजकारण वाटत नाही. आपल्या लेकरांसाठी आपण मागितलेच असते.

रविवारी संध्याकाळी सात वाजता या.

ब्लिक्स यांचं भाषण आत्ता पूर्ण वाचलं. महिने द्यावेत, हे पटलं. पण कुवेतमध्ये अमेरिकेची फौज येऊन बसली नसती तर सद्दामने तपासनिसांना दार उघडलं असतं का? तुमच्या पत्रकात त्याबद्दल एक अक्षर नाही. ते घाला, मग खाली माझं नाव घाला.
— काका