योहान हाइनरिश लाम्बर्ट: स्वयंशिक्षण आणि संशोधनाचे सूत्र

प्रश्न (जिज्ञासू): प्रकाशाच्या शोषणाचा नियम (पदार्थातून जाताना प्रकाश किती घटतो हे सांगणारा), 'पाय' ही संख्या अपरिमेय असल्याची सिद्धता आणि वैमानिकांच्या नकाशांत आजही वापरले जाणारे शंकू-प्रक्षेपण (गोल पृथ्वी शंकूवर उतरवून सपाट नकाशा करण्याची रीत) ही तिन्ही कामे गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ लाम्बर्टच्या (१७२८–१७७७) नावावर आहेत. म्युलूझमधील शिंप्याच्या या मुलाला वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडावी लागली होती. मग एवढे ज्ञान त्याने मिळवले कसे, आणि इतक्या निरनिराळ्या विषयांना जोडणारे काही सूत्र आहे का?

प्रकाशवेध: पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्याच्या नोकऱ्यांत सापडते. लोखंडाच्या कारखान्यातील कारकुनी आणि बाझेलमधील एका संपादकाची चिटणीशी करताना तो उरलेल्या वेळात गणित, खगोलशास्त्र व तत्त्वज्ञान शिकत राहिला. १७४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील खूर येथील फॉन सालिस कुटुंबात त्याला शिक्षकाची नोकरी लागली आणि त्या घरातील समृद्ध ग्रंथसंग्रह त्याला खुला झाला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक घटना हीच होय.

सूत्र म्हणाल, तर जे मोजता येत नाही असे वाटते ते मोजण्याची रीत शोधणे. १७६० च्या 'फोटोमेट्रिया' या ग्रंथात हे फार सुंदर दिसते. एक प्रकाश दुसऱ्याच्या किती पट आहे हे डोळ्याला सांगता येत नाही. परंतु शेजारी-शेजारी असलेले दोन प्रकाशित पृष्ठभाग सारखेच उजळ आहेत की नाहीत, हे तो बऱ्यापैकी अचूक ओळखतो. म्हणून लाम्बर्टने डोळ्याकडे केवळ समानतेचा निवाडा सोपवला, दोन्ही पृष्ठभाग सारखे दिसेपर्यंत दिव्यांची अंतरे बदलली, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो या नियमावरून दिव्यांच्या तेजाचे गुणोत्तर काढले. महागडी उपकरणे हाताशी नसलेल्या माणसाची ही विचारशक्ती मला अतिशय आदरणीय वाटते.

अभ्यासक: एक पुरवणी जोडतो. शोषणाचा नियम पिएर बुगेरने १७२९ मध्येच मांडला होता आणि लाम्बर्टने त्याच्या कार्याचा उल्लेखही केला आहे. द्रावणाच्या संहतीचा (विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाचा) संबंध आउगुस्ट बेअरने १८५२ मध्ये जोडला. लाम्बर्टचे श्रेय त्या नियमाला सुस्पष्ट गणिती रूप देण्याचे आहे.

गणितप्रेमी: वरील सूत्र प्रकाशमापनाला चपखल बसते, पण गणितातील कामाला पुरत नाही. 'पाय'च्या सिद्धतेत त्याने टॅन (कोनाची स्पर्शज्या) हे फल एकात एक गुंफलेल्या अनंत अपूर्णांकाच्या रूपात लिहिले आणि त्यावरून दाखवले की कोन (रेडियनमध्ये) शून्येतर परिमेय असेल, तर त्याचा टॅन अपरिमेयच असतो. 'पाय'च्या चतुर्थांशाचा टॅन १ आहे, म्हणजे परिमेय. तेव्हा 'पाय' परिमेय असणे शक्य नाही. येथे मोजण्यासारखे काहीच नाही, केवळ तर्क आहे.

याहून धाडसी लिखाण त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही. समांतर रेषांवरील १७६६ चा त्याचा प्रबंध १७८६ मध्ये छापला गेला. तीन काटकोन असलेल्या चौकोनाचा चौथा कोन लघुकोन मानल्यास काय घडेल, हे तो त्यात तपासतो. त्या गृहीतकाखाली त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून जितकी कमी भरते, ती तूट त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, असे त्याला आढळले. अयुक्लिडीय भूमिती (युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे गृहीतक न मानणारी भूमिती) प्रत्यक्ष मांडली जाण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ तो तिच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला होता.