मदत हवी आहे: अलास्का क्रूझ, जुनोमध्ये व्हीलचेअरसह काय करावं?

जुलैत व्हँकुव्हरहून जाऊन-येऊन क्रूझ आहे: केचिकन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, घडीची व्हीलचेअर सोबत असेल. अमेरिकेचा आणि कॅनडाचा मल्टिपल एंट्री व्हिसा हातात आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. ग्लेशियर बे डेकवरूनच बघायचं. स्कॅगवेत व्हाइट पासची रेल्वे ठरली आहे. १९०० साली पूर्ण झालेला तो मार्ग सोडवत नाही.

अडलंय जुनोत. मेंडेनहॉल हिमनदी धक्क्यापासून साधारण २० किलोमीटर. क्रूझवाल्यांना विचारलं, तर त्यांनी स्वतःच्याच महागड्या सहली पुढे केल्या! व्हेल बघायच्या छोट्या बोटीत आईला चढवणं अवघड वाटतं.

धक्क्यावरून मेंडेनहॉलला जाणाऱ्या शटल बसमध्ये व्हीलचेअर चढते का, की आधीच टॅक्सी ठरवावी?