मदत हवी आहे: दाढ काढल्यावर लेकीला रात्रभर रक्त, दुसरी काढावी का?

नमस्कार. आम्ही इंदूरला, सुदामानगरात राहतो. प्रश्न माझ्या 13 वर्षांच्या लेकीचा आहे.

ब्रेसेससाठी तिच्या सुळ्यांमागच्या दोन दाढा काढायच्या ठरल्या. पहिली गेल्या महिन्यात काढली. कापसाचा बोळा दाबून घरी आलो, तो तासाभरात लाल. दुसरा ठेवला, तोही लाल. रात्री दोनपर्यंत मी तिच्या उशाशी बसून बोळे बदलत होते. सकाळी उशीवर कलेजीच्या तुकड्यासारखी काळपट गाठ पडलेली बघून माझे हातपायच गळाले. डॉक्टर म्हणाले, "चूळ जोरात भरली असेल." टाका घातला, मग थांबलं. दुसरी दाढ पंधरा दिवसांनी आहे.

तेव्हापासून मागचं एकेक आठवतंय. ब्रश करताना थुंकी नेहमी गुलाबी. उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, सासूबाई उष्णता म्हणून सब्जा द्यायच्या. मांडीवर न लागता निळे डाग. पाळी आठ-आठ दिवस. पण माझीही तशीच आहे, हिमोग्लोबिन 9 च्या वर जात नाही. ग्वाल्हेरला माझ्या आईचंही तेच, बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं होतं. "आपल्या घरात असंच असतं," एवढंच ती सांगायची, आणि मीही लेकीला तेच सांगितलं. याचं फार वाईट वाटतंय.

रिपोर्ट: प्लेटलेट 2.4 लाख, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासण्या) नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणतात, काही नाही. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) मुलग्यांना होतो असं ऐकलंय, मग हे काय असेल? कुणाला दाखवू? एमवायला (इथल्या सरकारी रुग्णालयात) की खाजगीत? दाढ पुढे ढकलू का?

प्रतिसाद १ (बडोद्याहून, दंतवैद्य)

ताई, ढकला. घाईचं काम नाही ते.

तुम्ही सांगितलंत त्यावरून व्हॉन विलेब्रँड आजार आधी तपासायला हवा. निदान मी इथून करू शकत नाही. रक्त गोठवणारं याच नावाचं एक प्रथिन असतं, ते प्लेटलेटना जखमेवर चिकटवतं. ते कमी पडलं तर प्लेटलेट भरपूर असूनही हिरड्या, नाक, पाळी इथून रक्त जात राहतं. हा आजार मुलगे आणि मुली दोघांनाही होतो, आईकडूनही येतो. सौम्य असला तर पीटी-एपीटीटी नॉर्मल येतात, म्हणून त्या रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका.

रक्तविकारतज्ज्ञांना म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टना दाखवा, सरकारीत किंवा खाजगीत, जिथे लवकर भेटतील तिथे. तपासण्या तीन: व्हॉन विलेब्रँड अँटिजेन (ते प्रथिन किती आहे), त्याची ॲक्टिव्हिटी (ते किती काम करतं) आणि फॅक्टर 8 (गोठवणारं आणखी एक प्रथिन). ताप किंवा ताण असला की ही पातळी तात्पुरती वाढते, त्यामुळे एकदा नॉर्मल आलं तरी पुन्हा करायला सांगतात. ओ रक्तगटात ती मुळातच कमी असते. तिचा गट कोणता?

दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. ब्रश बंद करू नका, मऊ घ्या. कीटण साचलं की हिरड्या सुजून जास्तच रक्त येतं. निदान झालं तरी दाढ काढता येते: आधी औषध ठरवतात, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची (रक्त थांबवणाऱ्या औषधाची) चूळ देतात, टाके घालतात. फक्त दंतवैद्य आणि हिमॅटॉलॉजिस्ट यांनी आधी बोलायला हवं. टाळ्यावर बारीक लाल ठिपके दिसले, हिरड्या सुजून दातांवर चढल्या किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. ते वेगळं काही असू शकतं.

आणि ताई, तुम्हीही तपासून घ्या.

धागाकर्ती

खूप आभार. दाढ रद्द केली. गट ओ पॉझिटिव्ह आहे. सोमवारी दोघींचंही रक्त देणार आहोत, आईलाही फोन केलाय. एकच विचारते, सोमवारी तिची पाळी असेल, चालेल ना?

प्रतिसाद २ (बडोद्याहून, दंतवैद्य)

चालेल. पाळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा म्हणजे झालं. त्या दिवसांत पातळी खाली असते, कमतरता असेल तर लपण्याची शक्यता कमी.