'हूट', 'फ्यूलेन', 'इंडेस': जुन्या जर्मन तलवारबाजीचे शब्द मराठीत कसे सांगावेत?

प्रश्न

मी जर्मनीत राहते. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेच्या व्यायामशाळेत तलवार शिकायला जाते. ऑलिंपिकमधली फेन्सिंग नव्हे. चौदाव्या शतकातल्या योहानेस लिश्टेनाउअर या उस्तादाची कूट पद्यं आणि पंधराव्या शतकात त्यांवर लिहिलेल्या टीका समोर ठेवून जुने डाव पुन्हा बसवायचे, असा हा प्रकार. घरी फोनवर सांगायला लागले की निम्मं वाक्य जर्मन होतं. 'हूट' म्हणजे वार करण्याआधी किंवा झाल्यावर तलवार जिथे धरलेली असते ती स्थिती. 'फ्यूलेन' म्हणजे पात्याला पातं लागल्यावर समोरच्याचा जोर हाताला जाणवणं. 'इंडेस' तर सांगताच येत नाही. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर

'हूट'साठी पवित्रा. वर्तमानपत्रांनी 'आक्रमक पवित्रा' लिहून लिहून तो पार गुळगुळीत केलाय, पण शब्द मूळचा आखाड्यातला आहे.

दुसरं उत्तर

पवित्र्याला माझी थोडी हरकत आहे. मर्दानी खेळात पवित्रा म्हटलं की आधी पाय डोळ्यांसमोर येतात: पाऊल कुठे पडलं, अंग कसं वळलं. 'हूट'मध्ये मुख्य प्रश्न असतो मूठ कुठे आणि टोक कुठे. चार मुख्य स्थितींची नावंच बघा. 'ओख्स' म्हणजे बैल: मूठ डोक्याशेजारी, टोक शिंगासारखं समोरच्याच्या तोंडावर रोखलेलं. 'फ्लूग' म्हणजे नांगर: मूठ कमरेशी, टोक वर. 'आल्बर' म्हणजे खुळा: टोक जमिनीकडे, अंग उघडं, 'ये की' असं म्हणत उभा असल्यासारखा. आणि 'फोम टाग', म्हणजे तलवार खांद्याशी किंवा डोक्यावर उगारलेली. पहिली तीन नावं मराठीत आहेत तशीच चालतील. बैल, नांगर, खुळा. चौथ्याला सरळ 'उगार' म्हणा, नावाच्या अर्थावरून जर्मनांतही वाद आहेत.

तरी दुसरा शब्द सुचेपर्यंत पवित्राच बरा, आणि त्याला कारण आहे. आपण पवित्रा घेतो तसा बदलतोही. या परंपरेत एका जागी थिजून राहणं हाच मोठा दोष मानतात. न्यूरेंबर्गच्या संग्रहालयातल्या एका जुन्या हस्तलिखितात म्हटलंय की जो पडून राहतो तो मेला, जो हालतो तो अजून जिवंत आहे. म्हणून 'ठाण' मला नको वाटतं. ठाण मांडून बसणारा इथे मार खाणार.

शिवाय प्रत्येक स्थितीला मोडणारा एक ठरलेला वार आहे. 'क्रुम्पहाउ' बैल मोडतो, 'शीलहाउ' नांगर, 'शाइटलहाउ' खुळा, 'त्स्वेर्खहाउ' उगार. याला आपल्याकडे तयार शब्द आहे: तोड. डावाला तोड.

प्रश्नकर्ती

तोड एकदम पटलं. आणि 'फेलर'? एकीकडे वार दाखवायचा आणि दुसरीकडे मारायचा. जर्मनमध्ये त्याचा शब्दशः अर्थ चूक.

तिसरं उत्तर

हूल. ताई, यावर चर्चा कशाला!

'फ्यूलेन'साठी मात्र तलवार सोडून कुस्तीकडे या. कुस्ती लागल्यावर पैलवान आधी हाताला हात लावून एकमेकांचा अंदाज घेतात, ती खडाखडी. पाती भिडल्यावर समोरचा दाबतोय की सैल पडलाय, हे तुम्ही हातानंच ओळखता ना? डोळ्यांनी नाही? मग ही पात्यांची खडाखडीच झाली. समोरचा मुठीजवळच्या, म्हणजे जोराच्या भागानं भिडलाय की टोकाकडच्या लेच्यापेच्या भागानं, तेही त्यातच कळतं.

दुसरं उत्तर देणारे पुन्हा

खडाखडी छान, पण ती लांबते. पाती भिडतात ती निमिषभर. त्या निमिषात जे करायचं त्यालाच 'इंडेस' म्हणतात. 'फोर' म्हणजे आधी, 'नाख' म्हणजे नंतर, आणि या दोघांच्या मधलं 'इंडेस'. मी त्याला 'तेवढ्यात' म्हणेन. 'तो दाबायला गेला, तेवढ्यात मी पातं वळवून टोक आत घातलं.' कुठल्याही मराठी माणसाला कळेल. 'तत्क्षणी' वगैरे कीर्तनात शोभतं.

प्रश्नकर्ती

'तेवढ्यात' घेतला. आता 'लांगेस श्वेर्ट'. याला लांब तलवार म्हणू का?

चौथं उत्तर

नको. जुन्या ग्रंथांत 'लांब तलवार' हे लांबीपेक्षा धरण्याच्या पद्धतीचं नाव आहे. दोन्ही हात मुठीवर असले तर लांब. एक हात पात्यावर नेला की तीच तलवार 'आखूड' होते. मराठीत दोहाती तलवार म्हणावं. आणि कुणी फिरंग सुचवेल तर तेही नको. फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं सरळ पातं आणि त्यावर बसवलेली आपल्याकडची मूठ. गाव तेच, पण ही तलवार निराळी.

सरावाच्या मोकळ्या लढतीला स्पॅरिंग म्हणत असाल. त्याला 'हात करणे' म्हणून बघा. पट्ट्याचे हात, तलवारीचे हात असं आपण म्हणतोच, आणि दोन हात करणे तर रोजचं आहे. 'आज दोघींशी हात केले' हे फोनवर चालून जाईल.

प्रश्नकर्ती

चालेल! पुढच्या महिन्यात छोट्या ढालीचा वर्ग आहे. तिचं सगळ्यात जुनं सचित्र हस्तलिखित इंग्लंडमध्ये लीड्सला आहे, साधारण 1300 च्या सुमाराचं. त्यात एक पाद्री शिष्याला शिकवतो आणि शेवटच्या पानांवर वाल्पुर्गिस नावाची बाई तलवार घेऊन उभी आहे. त्या ढालीला काय म्हणू?

तिसरं उत्तर देणारे

फरी. फरी-गदगा खेळणाऱ्यांच्या हातात असते ती. ती चामड्याची, तुमची बहुधा लोखंडी, पण शब्द चालेल. तुमच्यात ती छातीशी धरतात की हात लांब करून पुढे?

प्रश्नकर्ती

पुढे. तलवारीच्या मुठीवरचा हात तिच्याआड झाकायचा असतो.