रिस्क आहेच, पण टोनी पुरस्कारांचं गणित वेगळं असतं

काही जण म्हणतात की स्टार नाही, गाजलेला सिनेमा पाठीशी नाही, मग असं नवं म्युझिकल (संगीत नाटक) ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, नेणं म्हणजे पैसे पाण्यात. बऱ्याच वेळा खरंय, पण मग 'मेबी हॅपी एंडिंग'चं काय? 2016ला सोलमध्ये आलेलं, मग 2020मध्ये अटलांटा, आणि 2024ला ब्रॉडवेचं बेलास्को थिएटर. त्यात सेटच्या सामानाची बोंब झाली म्हणून प्रीव्ह्यू (उद्घाटनाआधीचे प्रयोग) महिनाभर पुढे ढकलले, सुरुवातीला आठवड्याचा गल्ला 3 लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे ब्रॉडवेच्या हिशोबात गाशा गुंडाळायचीच वेळ! टीव्हीवरचा नट डॅरेन क्रिस होता म्हणा, पण नुसत्या त्याच्या नावावर काय तिकिटं खपत नव्हती.

आणि गोष्ट काय तर रिटायर केलेले दोन रोबो, त्यातली एक शेजारच्या दुसऱ्याकडे चार्जर मागायला दार वाजवते तिथून सुरू. इनमिन चार नट. पण रिव्ह्यू भारी आले, बघून आलेले लोक दुसऱ्यांना सांगत सुटले, आणि जून 2025ला 6 टोनी (ब्रॉडवेचे सर्वात मानाचे पुरस्कार), बेस्ट म्युझिकल धरून.

फक्त टोनी मिळाला की गंगेत घोडं न्हालं असंही नाही हां, 'अ स्ट्रेंज लूप'ला 2022च्या जूनमध्ये बेस्ट म्युझिकल मिळालं आणि जानेवारीत बंद! टोनीच्या मतदारांत निर्माते आणि गावोगावी टूर लावणारी मंडळीही असतात, ती आपापल्या गावात हे चालेल का हे बघणारच ना. तरी मला विचाराल तर छोट्या नाटकाने छोटंच थिएटर धरावं, खर्च आटोक्यात राहिला तर नॉमिनेशनपर्यंत तग तरी धरता येतो.