यॉर्की मूळचा उंदीरमाऱ्या!

यॉर्कशायर टेरियर, म्हणजे यॉर्की, या छोट्या कुत्र्याच्या जातीला कुणी कुणी ‘पर्समधलं कुत्रं’ म्हणतं, म्हणून थोडी माहिती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडच्या कापडगिरण्यांकडे आले, ते आपली छोटी टेरियर कुत्री घेऊनच. त्यांच्यापासून ही जात घडली. तिचा मूळपुरुष मानला जाणारा हडर्सफील्ड बेन (१८६५–१८७१) प्रदर्शनांत बक्षिसं मिळवायचा आणि उंदीर मारण्याच्या शर्यतीही जिंकायचा. त्यामुळे तीन किलोचा जीव लॅब्रेडॉरवर धावून गेला तर नवल नको.

निगेचं म्हणाल तर आधी गळ्यातला पट्टा काढा. यांची श्वासनलिका नाजूक, ओढाताणीत दबते. छातीवरून बांधायचा हार्नेसच हवा. केस माणसासारखे वाढतच राहतात. रोज विंचरायला वेळ नसेल तर सरळ बारीक कापून घ्या, शोमध्ये थोडंच न्यायचंय! दुधाचे दात पुष्कळदा पडतच नाहीत, शेजारी पक्के उगवतात आणि फटीत घाण साचते. सहा-सात महिन्यांचं झालं की डॉक्टरांना तोंड दाखवा. आणि हो, लहान पिल्लाला दिवसातून चारदा थोडं थोडं भरवा, उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरून लटपटायला लागतं.