कार्डाआधी एसएसडी
इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा जुना पीसी सुधारायचा तर थेट ग्राफिक्स कार्ड चढवा, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. आधी विंडोज साटा एसएसडीवर घ्या, म्हणजे हार्ड डिस्कच्याच साटा जोडणीवर चालणाऱ्या, फिरते भाग नसलेल्या वेगवान ड्राइव्हवर. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, एसएसडी ५०० च्या आसपास. बारीक फायलींत तर फरक कितीतरी मोठा. जुनी डिस्क फोटोंसाठी राहू द्या.

रॅम (मेमरी) वाढवायची तर डीडीआर३ प्रकारचीच घ्या, नंतरची डीडीआर४ त्या खाचेत बसत नाही. ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वापरलेल्या मिळतात, पण दुकानातच लावून बघा.

कार्ड घ्यायचंच तर आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) चांगला घ्या, इथे काटकसर नकोच. आणि मुंबईच्या दमट हवेत धूळ चिकटून बसते, प्रोसेसरचा पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) नवी लावा.